आगामी उपक्रम : काच बसवणे

कॉलेजचं वार्तापत्र मी लिहितो,
दोन पानी, दर महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी.
मी तासिका तत्त्वावरचा;
हे काम मात्र कुठल्याच तासिकेत धरलं जात नाही.
प्राचार्य हिरव्या शाईनं एखादी ओळ कापतात,
उरलेलं शालिकभाऊ बारापात्रे
सायकल स्टँडजवळच्या फलकाला टाचतात.

फलकाला काच नाही.
स्नेहसंमेलनाच्या आदल्या दिवशी
कुणीतरी मारलेला तो षटकार
अजून कुणीच कबूल केलेला नाही.
नव्या काचेसाठी तीन दरपत्रकं लागतात.
दोन आली आहेत.

जानेवारीत मी लिहिलं :
रक्तदान शिबिर उत्साहात संपन्न. त्रेचाळीस बाटल्या.
सोमवारी पाहतो तर खाली पेन्सिलीनं, बारीक अक्षरात :
चव्वेचाळीस.
एक मेडिकलमध्ये जाऊन दिली, पहाटे तीनला, एका बाळंतिणीसाठी.
शिबिरात नव्हती म्हणून धरली नसेल.

मी वहीत आकडा दुरुस्त केला.
कुणाला सांगितलं नाही.

मग फेब्रुवारीचा अंक.
राष्ट्रीय सेवा योजनेचं शिबिर, पारशिवनीकडे,
श्रमदानातून बंधारा.
पेन्सिल : पाणी थांबलंय. रविवारी एस.टी.नं जाऊन पाहून आलो.
दोन बदकं आहेत.

ग्रंथालयात चार कूलर बसवले.
पेन्सिल, वेगळं अक्षर : त्यात पाणी कोण भरतं ते पण छापा.

आंतरमहाविद्यालयीन पंधराशे मीटर :
कु. करिश्मा उइके, तृतीय.
पेन्सिल : उसन्या बुटात. एक नंबर मोठे होते.
त्याच्याखाली, घाईत, तिरकं :
माझेच आहेत. परत नको करू.

असं आमचं वार्तापत्र
वरून छापील
आणि खालून खरं होत गेलं.
तर्रीपोह्याच्या टपरीवरून परतणारी पोरं
आधी खालचं वाचायची,
मग जमलंच तर वरचं.

एक दिवस प्राचार्य तिथं उभे.
चष्मा कपाळावर, नाक कागदाला टेकलेलं.
बदकांपाशी ते जरा जास्त थांबले असं मला वाटलं,
पण ऊन होतं, डोळे बारीक होणारच.
संध्याकाळी मार्चचा मसुदा परत आला.
आगामी उपक्रम, क्रमांक एक, हिरव्या शाईत :
सूचना फलकास काच बसवणे. कुलुपासह.

मी बाकीचे उपक्रम लिहिले.
क्रीडा दिन सकाळी साडेसहाला, उन्हामुळे.
नॅकच्या फायली वीस तारखेपर्यंत.
तिसऱ्या वर्षाचा निरोप समारंभ, वर्गणी निमजे मॅडमकडे.
माझ्या तासिका एप्रिलमध्ये संपतात;
ते वार्तापत्राच्या विषयात बसत नाही.
समास तेवढा मोठा ठेवला, चांगला चार बोटं.
“एवढी जागा कायले सोडली?” निमजे मॅडम म्हणाल्या,
आणि माझ्याकडे न बघता प्रिंट काढली.

काच गुरुवारी आली, इतवारीहून,
सायकल रिक्षात, जुन्या पेपरात गुंडाळलेली.
माप शालिकभाऊंनी स्वतः घेतलं होतं.
चौकटीत उभी केली
तर खालून दोन इंच कमी.

सुताराने शालिकभाऊंकडे पाहिलं.
शालिकभाऊंनी आभाळाकडे.
“सुतळीनं मापली होती ना सर,
सुतळी आकसली असन.”

बसवली तशीच. कुलूपही लागलं.
बदलायची तर पुन्हा तीन दरपत्रकं.
खालच्या फटीतून हात जात नाही.
पेन्सिल जाते.

काल मार्चच्या अंकाखाली एकच ओळ होती,
शिसं वाकडं धरून लिहिल्यासारखी, खालीवर :
हे लिहिणारे सर पुढच्या वर्षी आहेत का?

आज सकाळी पुन्हा पाहिलं.
ओळ कुणी खोडलेली नाही.
प्रश्नचिन्हापुढे फक्त
हिरव्या शाईचा एक ठिपका,
पेन टेकवून
बराच वेळ विचार केल्यावर उमटतो, तेवढा.